समुद्राखालचा एक आकडा

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिला, स्वतःच्या हातानं वाटला, तेवढं पुरे झालं. ज्याला हवा असेल त्याला तो कुठेही सापडेल, आणि माझं दुखणंच ते आहे.

मी पत्रकं लिहिते. पोटासाठी सकाळी एका शिकवणी वर्गात विज्ञान शिकवते, पण काय करतेस असं कोणी विचारलं तर तोंडातून पत्रकंच येतं. नागपुरात आमचा एक लहानसा गट होता. होता म्हणजे गट अजून आहे, मी त्यात नाही. लकडगंजात एका आरा मशीनच्या वरच्या खोलीत आम्ही बसायचो. खाली लाकूड चिरणं चालू असलं की एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून आरा थांबला की बैठक सुरू व्हायची. कागदांवर, चहाच्या कपांत, केसांत, सगळीकडे भुसा. खोलीवर परतून ओढणी झटकली की मला बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी सोबत बसून आलो, एवढं त्यातून समजायचं.

गट चालवायचे ते भाऊ. पन्नाशी उलटलेले. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेविरुद्ध अर्धं आयुष्य घालवलेले. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. चौकातला सिग्नल लाल असेपर्यंत पत्रक वाचून झालं पाहिजे. एका पत्रकात एकच आकडा. शेवटचं वाक्य असं की माणूस घरी जाऊन बायकोला सांगेल. आणि 'कदाचित', 'अंदाजे', 'असू शकतं' असले शब्द दिसले की भाऊ लाल पेननं ते ठेचायचे, चिलटं मारावीत तसे.

"हे शब्द ज्याले घाबरायचं असते तो लिहिते," ते म्हणायचे. "तू घाबरते का?"

मी घाबरत नव्हते. सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

समुद्राचा विषय मी आणला. समुद्राच्या तळाखालच्या गाळात मिथेन वायू बर्फाच्या पिंजऱ्यात अडकून बसलेला असतो. वर पाण्याचा प्रचंड दाब आणि तळाची थंडी, यामुळे तो तिथे टिकतो. वर आणला की वितळतो, आणि काडी लावली तर चक्क बर्फ जळताना दिसतो. गॅस हायड्रेट म्हणतात त्याला. आपल्या पूर्व किनाऱ्यापलीकडे, खोल पाण्याखाली तो आहे, आणि उद्याचं इंधन म्हणून त्याच्याकडे बघणारे लोक आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उभी राहिले. कोळशानं आमच्या फुप्फुसांची वाट लावली ती पुरली नाही का? आता समुद्राचा तळ उकरणार?

"राख सोडून समुद्रात कुठं चालली वं?" भाऊ हसले. "पोहता येते का तुले?"

माझी रूम पार्टनर गटातच होती. आम्ही दोघी सक्करदऱ्याला एका खोलीत राहायचो. ती म्हणाली, "पोहणं सोडा भाऊ, हिनं समुद्र पाह्यला का ते विचारा."

पाहिला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. पण दिल्ली न पाहता दिल्लीवर बोलणारे आपल्याकडे कमी आहेत का? मी तसं म्हणाले आणि सगळे हसले, आणि विषय मंजूर झाला.

मग मी आकडा शोधायला बसले. साठा किती आहे? मला एक अहवाल मिळाला, आणि त्यात एक आकडा नव्हताच. एक लहान होता, एक मोठा होता. लहान आकडा मोठ्याच्या पोटात कितीतरी वेळा मावला असता. दोन्हींच्या मध्ये पानभर मजकूर होता, त्यात जिथे तिथे 'गृहीत धरल्यास'. मी मोठा उचलला. विचार केला नाही असं नाही. केला, अर्धा मिनिट केला. लोकांना भीती वाटायला हवी होती. लहान आकड्याला कोण घाबरतं? मी 'असू शकतो' खोडून 'आहे' लिहिलं. भाऊंचं लाल पेन तिथपर्यंत पोचायच्या आधी मीच ते काम केलं. खाली लिहिलं, 'एवढा वायू समुद्राखाली झोपला आहे. त्याला उठवू नका.'

भाऊंनी ते मोठ्यानं वाचलं, कागद टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "आता शिकली तू." त्या दिवशी मी लकडगंजातून सक्करदऱ्यापर्यंत चालत आले.

वाटण्याचा अनुभव वेगळा. नागपुरात रस्त्यावर कोणी हातात कागद दिला की माणूस आधी विचारतो, "प्लॉटचं हाये का?" लेआउटची जाहिरात नाही म्हटल्यावर निम्मे लोक परत देतात. लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्यानं पत्रक चष्मा लावून पुरतं वाचलं. मला आशा वाटली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, इथं नळाले पाणी नाही, अन् तू समुद्राचं सांगून राहिली." दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले. पण पुढच्या दुकानात शिरताना माझ्या लक्षात आलं, की राखेची पत्रकं वाटताना लोक निदान भांडायचे. कोणी म्हणायचं माझा पोरगा तिथे कामाला आहे, कोणी राख बसलेली शर्टाची बाही दाखवायचं. समुद्रावर कोणी भांडत नव्हतं. किनाऱ्यावरच्या चार-पाच संघटनांना मी पत्रक पाठवलं, एकीचंही उत्तर आलं नाही. बरोबरच होतं. नागपूरच्या पोरीनं त्यांना समुद्र का शिकवावा? म्हणजे इथे कोणाला समुद्र नको होता, आणि तिथे कोणाला मी नको होते.

पत्रकाखाली माझा फोन नंबर होता. त्यावर एकच फोन आला. आवाज म्हातारा, सावकाश.

"पत्रक तुम्हीच लिहिलं का?"

"हो."

"तो आकडा मोजला कोणी?"

"अहवालात आहे."

"अहवालात छापला आहे. मोजला कोणी?"

"तुम्ही कोणत्या कंपनीचे?" मी विचारलं. मला वाटलं, चला, विरोधकानं दखल घेतली.

ते खोकले की हसले, कळलं नाही. "निवृत्त आहे मी. भूगर्भाचा माणूस. समुद्रावरच्या सरकारी कामात काही वर्षं होतो. आता इथंच सक्करदऱ्याले राहतो, तलावाच्या मागं. या एकदा."

"वेळ नाही," असं म्हणून मी फोन ठेवला. पत्रक लिहिणाऱ्याला शंका विचारणारा आवडत नाही. आम्हाला एकतर टाळ्या लागतात नाहीतर शिव्या.

दोनेक आठवड्यांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात ऊर्जेवर कार्यक्रम होता. एका खासगी कंपनीचे सल्लागार बोलणार होते. गटातून मी एकटीच गेले, कारण समुद्र हा माझा विषय ठरला होता. मागच्या रांगेत बसले. प्रश्न वहीत लिहून नेले होते.

अर्ध्या तासानं पडद्यावर माझं पत्रक आलं.

फोटो होता, आमच्या गटाच्या फेसबुकच्या पानावरून उचललेला. माझ्या वाक्याभोवती लाल चौकट. आकड्याभोवती आणखी एक. सल्लागार गोड आवाजात म्हणाले, "हे बघा. ज्यांना हे काम नको आहे, त्यांनासुद्धा साठा किती मोठा आहे ते मान्य आहे. ते म्हणतात, त्याला झोपू द्या. आपण म्हणतो, उठवू या, कामाला लावू या!"

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. जो आकडा मी लोकांनी घाबरावं म्हणून उचलला होता, तोच ऐकून समोरची पोरं खूश होत होती. एवढं मोठं घबाड आपल्याकडे आहे म्हणून.

मी उभी राहिले. वही उघडलीच नाही. म्हणाले, "तो आकडा पक्का नाही."

"ताई, हे पत्रक कोणाचं?"

"आमचं."

"मग आकडा पक्का नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

सभागृह हसलं. खरं उत्तर 'लिहितानाच' असं होतं. मी खाली बसले. निघून जायची हिंमतही झाली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिले, आभार ऐकले, राष्ट्रगीताला उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या म्हाताऱ्यांना फोन केला आणि पत्ता विचारला.

काका सत्तरी पार केलेले होते. दार काकूंनी उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत ओरडल्या, "तुमच्या समुद्राची आली वाटते!" टीव्हीवर मालिका मोठ्या आवाजात चालू होती आणि ती काही बंद झाली नाही. काकांनी दिवाणावरची चादर सरळ केली, प्लास्टिकच्या पाइपातून नकाशाच्या कागदाची गुंडाळी काढली आणि पसरली. कोपरे उडू नयेत म्हणून एकावर पोळपाट, एकावर चष्म्याचं घर ठेवलं. उरलेले दोन मला धरायला लावले.

कागदावर शाईच्या दोन लांब रेघा होत्या, एकमेकींपासून बऱ्याच दूर.

"जहाज इथून गेलं," त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं, "अन् इथून. जहाज आवाज सोडते, तो तळाखाली जाऊन परत येते. परतलेल्या आवाजात कधीकधी तळाला समांतर अशी एक रेघ दिसते. ती दिसली की समजायचं, वर बर्फ असेल अन् खाली मोकळा वायू."

"असेल?"

"हो. ती रेघ खालच्या वायूमुळं उमटते. थोडासा वायू असला तरी ठळक उमटते. वर बर्फ किती, हे ती सांगत नाही."

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार मांडला. क्षेत्र किती, गुणिले थर किती जाड, गुणिले गाळाच्या कणांमध्ये पोकळी किती, गुणिले त्या पोकळीतली कितीशी जागा बर्फानं भरलेली, गुणिले त्या बर्फातून वायू किती सुटेल. साठ्याचा अंदाज म्हणजे एवढंच.

"हे शेवटचं प्रयोगशाळेत चांगलं मोजता येते," काका म्हणाले. "बर्फाच्या दीडशे पटीहून जास्त वायू. त्यावर फार भांडण नाही. बाकी चारही ठिकाणी माणसाचा अंदाज बसला आहे. प्रत्येकानं थोडंथोडं वरचं धरलं, अगदी इमानदारीनं धरलं, तरी गुणाकारात ते कुठल्या कुठं जाते."

"पण खोदून बघतात ना?"

"बघतात. दोन-चार ठिकाणी. अन् नळीतून गाळ वर ओढता ओढता बर्फ वितळून जाते. दाब टिकवणाऱ्या खास नळ्या आहेत, पण त्या थोड्याच वेळा घालता येतात. मग काय करायचं? बर्फ गोड्या पाण्याचा असते. तो वितळला की गाळातलं खारं पाणी पातळ होते. ते किती कमी खारट झालं ते मोजायचं, अन् त्यावरून बर्फ किती होता ते काढायचं."

मला ते फार आवडलं. म्हणाले, "मग हे तर पक्कं झालं."

"आधी किती खारट होतं, हे कोणाला माहीत आहे?"

टीव्हीवर कोणीतरी रडत होतं.

शाईच्या दोन रेघांच्या मधे पेन्सिलीनं एक मोठी हद्द आखलेली होती. अंड्यासारखा आकार. तिची रेघ तुटक होती. मी विचारलं, "इथून कोणतं जहाज गेलं?"

"कोणतंच नाही."

"मग ही हद्द?"

"ती मी काढली." काकांनी चष्मा काढून पुसला. "इकडं दिसते, तिकडं दिसते, म्हणजे मधेही असेल. म्हणून तुटक काढली. या नकाशाची प्रत वरच्या ऑफिसात गेली, तिथल्या माणसानं ती शाईनं गिरवली. शाईत ती रेघ सलग झाली. मग त्या हद्दीचं क्षेत्र मोजलं. मग ते गुणाकारात गेलं."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"साहेबाले नकाशा आवडला होता."

एवढंच बोलले. मला इतका संताप आला की हातातले दोन्ही कोपरे सुटले आणि कागद सुरळी होऊन त्यांच्या मांडीवर गेला. "म्हणजे माझ्या पत्रकातला आकडा तुमच्या पेन्सिलीतून आलाय!"

"थोडाफार. असू शकते."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "त्याईले नको विचारू वं पोरी. भाजीत मीठ हाये का विचारलं तरी म्हणते, असू शकते."

मी हसले नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र लक्षात आलं, की त्यांनी निदान तुटक रेघ काढली होती. माझी तर पहिल्यापासून सलगच होती.

त्या आठवड्याच्या बैठकीत आरा थांबायची वाट पाहत मी बसले आणि थांबल्या थांबल्या बोलले. सभागृहात काय झालं ते सांगितलं. म्हणाले, दुरुस्तीचं पत्रक काढू. दोन्ही आकडे देऊ, काय मोजलं आहे आणि काय धरलं आहे ते लिहू, आणि मागचं पत्रक चुकलं असं सरळ म्हणू.

भाऊंनी टेबलावरचा भुसा बोटानं गोळा केला. मग म्हणाले, "पत्रकाले दुरुस्ती नसते बाई. एकदा चुकलो म्हटलं की राखेवरचंही सगळं चुकलं म्हणतील. वीस वर्षं लागली लोकाईचा भरोसा बसायले."

"पण आपण त्यांचीच जाहिरात केली भाऊ. आपला आकडा दाखवून ते टाळ्या घेऊन राहिले."

"म्हणून लहान आकडा द्यायचा? मग लोक म्हणतील, एवढंसंच हाये, तर भ्यायचं काहून?"

"लहान द्यायचा नाही. माहीत नाही असं सांगायचं. ज्याला माहीत नाही त्यानं तळ फोडू नये, असं सांगायचं."

"माहीत नाही!" भाऊ हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हे घेऊन चौकात उभी राहा तू. बघ कोण थांबते."

माझी रूम पार्टनर माझ्याकडे वळली. ती म्हणाली, "तू आम्हाले खोटं पाडून राहिली."

भाऊंनी हात वर करायला सांगितलं. दुरुस्तीच्या बाजूनं माझा एकटीचा हात होता. मग मी म्हणाले, गटाचं नाव न टाकता मी स्वतःच्या नावानं काढीन. भाऊ म्हणाले, "मग गटात राहून नाही." ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मी जिना उतरले. खालच्या कामगारानं दुसरं लाकूड चढवलं आणि आरा पुन्हा सुरू झाला.

आमची खोली तशीच राहिली, दोन पलंग, एक गॅस. रूम पार्टनर माझ्याशी वाईट वागली नाही. दोघींचा चहा एका भांड्यात ठेवणं तेवढं बंद झालं. ती तिचा कप करून घ्यायची, भांडं घासून ठेवायची, मग मी माझा करायची. आधी दिवसभरात गटाच्या ग्रुपवर इतके मेसेज यायचे की फोन आवाज बंद करून ठेवावा लागायचा. आता आवाज चालू ठेवला तरी तो वाजत नव्हता. पारशिवनीजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. तुरीच्या शेंगा भरल्या, दोन दिवस ये म्हणाली. मी म्हणाले, काम आहे.

"भांडण झालं का वं कोणाशी?"

"नाही."

"मग आवाज काहून असा येऊन राहिला?"

"नेटवर्क नाही," मी म्हणाले.

ते पत्रक लिहायला मला जितका वेळ लागला तितका कोणत्याच पत्रकाला लागला नाही. 'असू शकतं' लिहायची सवयच गेली होती. लिहिलं की हात आपोआप खोडायला जायचा. शेवटी मथळा असा दिला: 'मागच्या पत्रकातला आकडा फसवा होता. तो मी निवडला होता.' खाली गुणाकाराच्या पाच गोष्टी एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे 'मोजलेलं' किंवा 'धरलेलं'. पाचांपैकी चारांपुढे 'धरलेलं' आलं. मग लिहिलं की साठा थोडा असेल किंवा प्रचंड असेल, छातीठोक आकडा सांगणारा खोटं बोलतो, तो काढू म्हणणारा असो की काढू नका म्हणणारा. पत्रक सिग्नलमध्ये संपत नव्हतं. दोन सिग्नल लागले असते.

कच्चा कागद घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, पेन्सिलीनं एके ठिकाणी 'सर्वत्र' खोडून 'काही ठिकाणी' केलं आणि परत दिला. "बरोबर आहे," म्हणाले. पहिल्यांदाच 'असू शकते' न म्हणता बोलले.

"तुमचं नाव टाकू का? ज्यानं ती हद्द आखली तो स्वतः सांगतो म्हटल्यावर लोक ऐकतील."

"माझं नाव नको."

"काका, तुम्ही तेव्हाही गप्प बसलात."

"हो."

"आता काय जाणार आहे तुमचं? पेन्शन थांबणार आहे?"

ते पाइपाचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं. "तिथले दोघं-तिघं अजून फोन करतात मले," ते म्हणाले. "दिवाळीले, वाढदिवसाले. नकाशावर त्याईच्याही सह्या आहेत. तेवढेच फोन येतात."

मी चहा न घेता निघाले. मला तो भेकडपणा वाटला होता आणि अजूनही वाटतो. पण त्या आठवड्यात माझा स्वतःचा फोन किती वाजला होता ते मला माहीत होतं, म्हणून त्यांना तोंडावर तसं म्हणाले नाही.

त्याच सल्लागारांचा पुढचा कार्यक्रम त्याच सभागृहात होता, रविवारी सकाळी. मी फाटकाजवळ तासभर आधी जाऊन उभी राहिले. दहा-बारा कागद वाटून झाले असतील, तेवढ्यात रस्त्यापलीकडे भाऊंची स्कूटर थांबली. मागे माझी रूम पार्टनर बसली होती. सकाळी खोलीतून आम्ही दोघी निघालो तेव्हा कुठे चाललीस हे एकमेकींना विचारलं नव्हतं.

भाऊंच्या काखेत गठ्ठा होता. जुनं पत्रक, नवीन छापलेलं. ते फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. ती त्यांच्या शेजारी. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. आत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्या हातून एक कागद घेत होता आणि मग त्यांच्या हातून दुसरा. बहुतेकांना दोन्ही एकाच कार्यक्रमाचे वाटले. काहींनी एकाला एक जोडून घडी घातली.

हेल्मेट कोपरात अडकवलेला एक माणूस मात्र मध्येच थांबला. त्यानं एक वाचला, दुसरा वाचला, आणि दोन्ही हात वर करून विचारलं, "अहो, हे तर उलटसुलट हाये. तुमच्यात खरं कोणाचं?"

"आमचं," भाऊ म्हणाले. "ते त्या ताईचं वैयक्तिक हाये."

"दोन्ही मीच लिहिलेत," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"हो. ते आधी लिहिलं, हे नंतर."

"मंग आधी खोटं लिहिलं का?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती. चुकून झालं म्हणता आलं असतं. अहवालच तसा होता म्हणता आलं असतं. त्या म्हाताऱ्याच्या पेन्सिलीवरही ढकलता आलं असतं, तो काही तिथे नव्हता.

"हो," मी म्हणाले. "माहीत असून लिहिलं. गटानं नाही, मी."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, शाबासकीही दिली नाही. "मंग हे तरी खरं कशावरून?"

"वाचा. मला काय काय माहीत नाही ते त्यात लिहिलंय."

तो तिथेच उभा राहून वाचू लागला. फाटकातल्या माणसानं लवकर चला म्हणून हात केला तेव्हा अर्धं वाचून झालं होतं. तो आत गेला. दोन्ही कागद त्यानं बरोबर नेले.

गर्दी ओसरली. भाऊंनी उरलेला गठ्ठा काखेत धरला आणि माझ्याजवळ आले. माझ्या हातातून एक पत्रक घेतलं, मथळा वाचला, घडी करून खिशात ठेवलं.

"काही खाल्लं का सकाळपासून?"

"नाही."

"आम्ही समोर पोहे खायले जाऊन राहिलो," ते म्हणाले. गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला. ती खाली रस्त्याकडे बघत होती.

"माझे अजून थोडे कागद आहेत," मी म्हणाले.

"हाव," भाऊ म्हणाले, आणि ते दोघं रस्ता ओलांडून गेले.

उशिरा येणारे कोणी असतील म्हणून मी फाटकापाशी थांबले. कोणी आलं नाही. थोड्या वेळानं आतून टाळ्या ऐकू आल्या. आकडा सांगून झाला असावा.